पिशवीतला स्कर्ट

प्रार्थना संपली, लोकांनी डोळे उघडले, मागच्या बाकावरच्या कुणाच्या तरी बाळाने डबीतले चीरिओज, म्हणजे न्याहारीच्या धान्याची छोटी कडी, जमिनीवर सांडले, आणि माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी पायाशी ठेवलेल्या कापडी पिशवीत हात घालून एक स्कर्ट बाहेर काढला. गडद निळा, इलास्टिकचा, गुंडाळी केलेला. तो त्यांनी उलगडला, तळव्याने सारखा केला आणि गुडघ्यांवरून खाली पोटऱ्यांपर्यंत पसरला. एसटीत पहाटेच्या गाडीला आपण शाल पसरतो तसा. मग त्यावर भजनांचं हिरवं पुस्तक ठेवलं आणि समोर बघत बसल्या. स्कर्टखाली काळी, इस्त्रीची, चांगली सैलसर पँट होती. ती पँट त्या सकाळी त्या सभागृहात बहुतेक पहिल्यांदाच आली होती.

एसी जोरात होता हे खरं. माझेही हात गार पडले होते. तेव्हा त्यांना थंडी वाजली असेल.

नसेलही.

ऑगस्ट 2023 मधली ही गोष्ट, लीहायची. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला अर्ध्या तासावरचं हे गाव. एकेकाळी शेतंच शेतं होती म्हणतात, आता सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि त्यांच्यामागे वासॅचचे डोंगर. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारीण घरी भाजलेला पाव घेऊन आली होती, आणि पावाबरोबर एक यादी: भूकंप झाला, वीज गेली, घर सोडावं लागलं, तर तीन दिवस पुरेल असं सामान कसं बांधून ठेवायचं त्याची. 72 तासांचं किट. तिच्या तळघरात गव्हाचे डबे रचलेले आहेत. मला आजीच्या कणग्या आठवल्या आणि आमचं जमलं. तिची थोरली मुलगी दीड वर्षासाठी मिशनवर, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मप्रसारासाठी, फिलिपिन्सला निघाली होती आणि त्या रविवारी चर्चच्या सभेत बोलणार होती. मी यावं अशी तिची इच्छा होती. (2018 मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडून चर्चचं पूर्ण नाव, ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, घ्या असं सांगितलं. शेजारीण नुसतं ‘चर्च’ म्हणते. आपण मराठी माणसं आपसात अजून मॉर्मनच म्हणतो, तिला मनातल्या मनात सॉरी म्हणत.)

काय घालू, असं मी कुंपणावरून विचारलं. ती म्हणाली, तुला बरं वाटेल ते. याइतकं निरुपयोगी उत्तर दुसरं नसतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटी नसली की चुकल्यासारखं होतं. पाटी असली की निदान तिच्यावर चिडता येतं, तिची टर उडवता येते, फारच झालं तर पेपरात पत्र लिहिता येतं. मुंबईच्या सिद्धिविनायकाच्या न्यासाने जानेवारी 2025 मध्ये तोकड्या कपड्यांना मनाई जाहीर केली तेव्हा आठवडाभर सगळ्यांना बोलायला विषय मिळाला. बाजूने, विरुद्ध, दोन्हीकडून. नियम लिहिला की त्याला दार फुटतं, आत-बाहेर करता येतं. पण तुला बरं वाटेल ते? मी कपाट उघडून अर्धा तास उभी राहिले आणि शेवटी आईची इरकल काढली. साडीला कोण काय म्हणणार!

आणि खरंच, कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे सगळे म्हणाले. दारातच तीन बायकांनी हात धरले. किती सुंदर, हे कापड किती मीटर असतं, हे टिकतं कसं, पिन कुठे आहे. एका छोट्या मुलीने काठाला बोट लावून पाहिलं. फुलाफुलांच्या झग्यांच्या आणि घोट्यापर्यंतच्या स्कर्टांच्या त्या गर्दीत मी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखी मिरवत होते. बसल्यावर लक्षात आलं की माझी पाठ आणि कंबर एसीला उघडी आहे. त्या आख्ख्या सभागृहात सर्वांत जास्त अंग माझं दिसत होतं. शेजारच्या बाईंचं मनगटापासून घोट्यापर्यंत सगळं झाकलेलं होतं. पण बोलले सगळे माझ्याशी, आणि त्यांच्याशी बोलताना नजर चेहऱ्यावरून खाली उतरू नये अशी काळजी घेतल्यासारखे. कुणी वाईट वागलं असं मुळीच नाही. मिठ्या मारल्या, नातीचं अभिनंदन केलं. फक्त पँट या वस्तूबद्दल एक गोड मौन पाळलं गेलं.

बाई म्हणजे शेजारणीची आई. सत्तरी ओलांडलेली, सडसडीत, पांढऱ्या केसांचा बॉब. पार्किंगमध्ये त्या गाडीतून उतरल्या आणि मला म्हणाल्या, “ठीक दिसतंय ना हे? गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या.” मी तेव्हा निऱ्या सावरत होते. “छानच दिसतंय,” म्हणाले. वर पाहिलं की नाही आठवत नाही. आतल्या दालनात त्या आणखी दोघींना गुडघ्याबद्दल सांगताना मी ऐकलं. शेजारीण हळूच माझ्या कानाशी म्हणाली, “ऑपरेशनला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात डोंगर चढून आलीय ती.”

सभा साधी असते. मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत, पगारी पाद्री नाही. भिंतींना काथ्यासारखं काहीतरी लावलेलं, हात टेकला तर टोचतं. ऑर्गनचा संथ सूर. बारा-तेरा वर्षांची मुलं मोठ्या भावाचे वाटावेत असे पांढरे शर्ट आणि टाय घालून पावाचे तुकडे आणि मग पाण्याच्या इवल्याशा पेल्यांचे ट्रे फिरवतात. मी ट्रे नुसता पुढे सरकवला, शेजारणीने आधीच सांगून ठेवलं होतं की चालतं. त्या वेळी इतकी शांतता असते की रिकामे पेले ट्रेमध्ये पडल्याचा टिकटिक आवाज येतो. ट्रे घेऊन एक मुलगा आमच्या बाकाशी आला. बाईंनी एका हाताने पेला घेतला आणि दुसऱ्या हाताने मांडीवरचा स्कर्ट धरून ठेवला, घसरू नये म्हणून.

मग नात बोलली. फिलिपिन्सला कुठल्या गावी जाणार, थोडी भीती कशी वाटते, आजीने लहानपणी काय शिकवलं. आजी रडली. मीही. ‘मुलगी लांब निघाली’ या प्रसंगाला धर्म लागत नाही.

आदल्या आठवड्यात मी त्या मुलीची बॅग पाहिली होती. पलंगावर स्कर्टांच्या घड्या आणि त्यांच्या शेजारी दोन फॉर्मल पँटी. डिसेंबर 2018 पासून मिशनवरच्या मुलींना पँट चालते असं चर्चने सांगितलं होतं. कारणंही दिली होती: डासांपासून होणारे आजार, थंडी, सायकल. अपवाद मात्र होते, मंदिर आणि रविवारची सभा धरून. म्हणजे डेंग्यूचा डास सोमवार ते शनिवार चावतो. मी हे बोलून दाखवलं तर मुलगी खळखळून हसली. शेजारीणही हसली, पण अर्ध्यावर थांबली.

मला या सगळ्या वळणांची गंमत वाटते, कारण तिथेही गोष्ट सरळ पुढे गेलेली नाही. 1850 च्या दशकात चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांच्या यूटामध्ये ‘डेझरेट कॉस्ट्यूम’ नावाचा बायकांचा पोशाख निघाला होता: आखूड सैल झगा आणि खाली चक्क विजार. नट्टापट्टा कमी, काम सोपं. बायकांनीच तो नाकारला. 1869 मध्ये यंग यांनी आपल्या मुलींना लायन हाउस या आपल्या घरी जमवून जमिनीवर लोळणारे घोळ आणि फॅशनचे फुगे कमी करा असं सांगितलं, त्यातून तरुण मुलींची एक संघटनाच उभी राहिली. 1951 मध्ये चर्चचे एक ज्येष्ठ नेते स्पेन्सर किंबल चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात बोलले की आपली स्वतःची शैली हवी, आणि मुली घरी जाऊन पार्टीच्या झग्यांना बाह्या जोडायला बसल्या. त्याच विद्यापीठाने 1971 मध्ये मुलींना स्लॅक्सची परवानगी दिली. चर्चच्या सॉल्ट लेकच्या मुख्य कार्यालयात काम करणाऱ्या बायकांना पँट घालून यायला मात्र 2017 उजाडलं. 2022 मध्ये किशोरवयीन मुलांसाठीच्या चर्चच्या पुस्तिकेतून खांदे, पोट, स्कर्टची उंची, कानातल्यांची एकच जोडी ही सगळी मापं गेली. शेजारीण म्हणाली, “माझ्या आईने माझे दुसऱ्या भोकातले डूल काढायला लावले होते. आता माझी धाकटी तीन-तीन घालते आणि मला सांगायला नियमच उरला नाही.” तिच्या बोलण्यात सुटका होती की तक्रार, ते तिलाही ठरवता आलं नसावं.

कपड्यांच्या आतलाही एक कपडा असतो, मंदिरात शपथ घेतलेल्यांनी अंगात घालायचा, पवित्र मानलेला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. ज्यांचं सोवळं त्यांनी बोलावं. इतकंच, की वरच्या झग्याची बाही किती हवी हे आजवर त्या आतल्या बाहीवर ठरत आलं, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये उष्ण आणि दमट देशांसाठी बिनबाह्यांचा प्रकार निघाल्याचं जाहीर झालं तेव्हा आमच्या ऑफिसातल्या (त्यांना कॉफी वर्ज्य, म्हणून) कॉफी नसलेल्या कॉफीखोलीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. चाळिशीच्या बायका खांद्यांबद्दल अशा बोलत होत्या जसं कुणी तरी परगावाहून परत येणार आहे.

तर सांगत होते ते हे, की विद्यापीठाने परवानगी दिली, कार्यालयाने दिली, मिशनने दिली. रविवारच्या बाकावर बसणाऱ्या साध्या बाईला मात्र कुणी कधी परवानगी दिली नाही, कारण तिला कुणी कधी मनाईच केली नव्हती. 2012 मध्ये हे सगळ्यांना लख्ख दिसलं. त्या वर्षी 16 डिसेंबरच्या रविवारी ‘ऑल एन्लिस्टेड’ नावाच्या बायकांच्या गटाने पँट घालून चर्चला जायचा दिवस ठरवला. फेसबुकवर गदारोळ झाला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पँटसाठी! चर्चच्या प्रवक्त्याने शांतपणे सांगितलं की आपले चांगले कपडे घालून या एवढंच आम्ही सांगतो, त्यापलीकडे काही नाही. म्हणजे नियम नव्हताच. मग मोडलं ते काय?

ऑफिसात माझ्या समोर बसते ती तेव्हा कॉलेजात होती आणि त्या दिवशी पँट घालून गेली होती. पाठिंबा देणाऱ्यांनी जांभळा रंग घालावा असं ठरलं होतं. तिच्या सभागृहात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जांभळा टाय लावला होता. “मी दोन तास ठरवत होते की त्यांना माहीत आहे, की त्यांच्याकडे तेवढाच टाय आहे,” ती म्हणते. तिच्या आईने मात्र पुढचे कित्येक रविवार तिच्याबरोबर एका बाकावर बसणं टाळलं. पुढच्या वसंतात, एप्रिल 2013 मध्ये, चर्चच्या जगभराच्या परिषदेत पहिल्यांदाच एका स्त्रीने, जीन स्टीव्हन्स यांनी, प्रार्थना म्हटली. पँटवाल्या गटाने त्यासाठीही पत्रं लिहिली होती. त्या रविवारच्या काही पँटी जमवून पुढे त्यांची गोधडीही शिवली गेली. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आपल्याकडे कपड्याचं आयुष्य संपलं की तो गोधडीत जातो. या पँटींचं तर नुकतं कुठे सुरू झालं होतं.

आता आईचं सांगते. त्या दिवशी सभागृहात निळा स्कर्ट उलगडताना पाहिला तेव्हा मला नाकात खडूचा वास आला होता.

नव्वदच्या दशकात आई तालुक्याच्या गावी शाळेत शिकवायची. लूनावरून जायची. साडी, खांद्याला पर्स, पायाशी वह्यांचा गठ्ठा. एकदा तिच्या बरोबरीच्या एका बाईंचा पदर चाकात गेला आणि त्या पडल्या, हाताला प्लॅस्टर आलं. त्यानंतर दोघीतिघींनी पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “घाला हो. माझी ना नाही. पण तपासणीला बरं दिसत नाही.”

बरं दिसत नाही. या वाक्याला कर्ता नाही. कुणाला दिसत नाही ते विचारायची सोय नाही. मराठीतला हा सगळ्यात कडक कायदा असावा, आणि कुठल्याही पाटीवर तो लिहिलेला नाही. आई तर त्याची वकीलच होती, मला दहावीच्या निरोप समारंभाला जीन्स घालू दिली नव्हती तिने याच तीन शब्दांवर. तेव्हा ती बंडखोर वगैरे होती असं समजू नये. तिला फक्त पडायचं नव्हतं.

तर मग तोड निघाली ती अशी, की शाळेच्या लोखंडी कपाटात, नकाशे आणि खडूंच्या खोक्यांच्या वर, तिघींच्या तीन साड्या घडी करून ठेवलेल्या असायच्या. आईची गार्डनची होती, मोरपिशी. इस्त्री लागत नाही, चुरगळत नाही, म्हणून ती. एकदा विस्तार अधिकारी न कळवता आले. शिपाई मागच्या दाराने धावत आला, आणि तिघी प्रयोगशाळेत शिरून, हाडांच्या सापळ्याच्या चित्रासमोर, पंजाबी ड्रेसवरच साड्या गुंडाळून दोन मिनिटांत बाहेर. आई वर्गात परत आली तर मुलं पुन्हा उभी राहिली आणि एका सुरात ‘नमस्ते बाई’ म्हणाली, जशा काही नवीनच बाई आल्यात. मी त्याच शाळेत, शेजारच्या वर्गात होते. मला हसू आलं आणि मग आईकडे पाहून एकदम आलं नाही. तिच्या साडीच्या घोळाखालून सलवारीची मोरी दिसत होती. साहेबांना दिसली की नाही कुणास ठाऊक.

त्या रविवारी रात्री मी आईला फोन केला. नात, मिशन, पाव-पाणी, सगळं सांगून झाल्यावर स्कर्टचं सांगितलं. एसी फार होता, हेही सांगितलं. आईने विचारलं, “इलास्टिकचा होता का?”

“हो.”

“मग बरोबर. पटकन चढवता येतो.”

एवढंच बोलून ती कैऱ्यांकडे वळली. थंडीचा मुद्दा तिने विचारातही घेतला नाही.

मला टोचत राहिलं ते वेगळंच. मी पार्किंगमध्ये वर पाहिलं नव्हतं. ‘ठीक दिसतंय ना’ हे त्यांनी माझ्यासारख्या परकीला विचारलं, कारण आत गेल्यावर विचारायला कुणी नव्हतं. आणि मी साडीच्या आडोशाला सुरक्षित उभी होते. परक्याला सगळं माफ असतं, त्याच्या उघड्या कमरेचंही कौतुक होतं. घरच्या माणसाची झाकलेली पोटरी सुद्धा हिशेबात धरली जाते. माझ्या जाऊबाई इथून नाशिकला सुट्टीला गेल्या की गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकमध्ये देवळात जातात, ‘अमेरिकेची आहे’ म्हणून सगळे हसून सोडून देतात. तिथेच राहणाऱ्या नणंदेला साधी कुर्ती आखूड झाली तर ऐकून घ्यावं लागतं. तो हसून सोडून देण्याचा मान मला त्या दिवशी मिळाला होता आणि मी तो मुकाट घेतला.

दीड वर्षाने, फेब्रुवारी 2025 मध्ये, मुलगी परत आली. काळवंडलेली, बारीक झालेली, टागालोगमध्ये, म्हणजे तिथल्या भाषेत, स्वतःशीच पुटपुटणारी. पुन्हा रविवार, पुन्हा सभेत भाषण, पुन्हा मला आमंत्रण. बाहेर बर्फाचा चिखल. या खेपेला मी विचारलं नाही. राखाडी पँट, काळा स्वेटर, आईचे मोत्याचे टॉप्स. त्या दिवशी माझ्या कपड्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हात धरले, विचारपूस केली, आणि नजरा चेहऱ्यावरून खाली उतरल्या नाहीत. मी बसल्या बसल्या मान वळवून मोजलं, आम्ही सात जणी होतो. त्यातली एक तर जेमतेम पंचविशीची, पोराच्या मागे धावत होती आणि आपण काय घातलंय याचं तिला भानही नव्हतं. मला तिचा हेवा वाटला आणि थोडा रागही आला. तो राग कसला ते मी अजून उकललेलं नाही.

बाई माझ्या शेजारीच बसल्या. तपकिरी पँट. पायाशी पिशवी नव्हती. मी दोनदा वाकून पाहिलं, बूट नीट करायच्या निमित्ताने.

सभा सुटल्यावर त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत गेले, बर्फावरून हात धरून. “दिसतंय छान,” मी म्हणाले, या वेळी नीट वर-खाली बघून. त्या हसल्या. गुडघ्याचं काही बोलल्या नाहीत. मग डिकी उघडली, बर्फ खरवडायचं फावडं आत टाकायला. आत 72 तासांचं किट होतं, प्लॅस्टिकच्या पारदर्शक खोक्यात: पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, दाण्यांच्या वड्या, प्रथमोपचाराची पेटी, लोकरीचं ब्लँकेट. ब्लँकेटच्या बाजूला निळी गुंडाळी. मी ती पाहिली, आणि मी पाहिली हे त्यांनी पाहिलं.

“भूकंप काय सांगून येतो?” त्या म्हणाल्या, आणि डिकी लावून टाकली.